चकवा

पहाटे तीनला टाकी गुरगुरते.
आत तीस अंश उबेत वाढतायत आमचे जिवाणू,
नाक नसलेले, डोळे नसलेले,
आणि त्यांना शिकवलंय आम्ही
एका करड्या मादीचं गुपित:
बारा कार्बनांची साखळी, दोन जागी दुहेरी गाठ.
एवढंच.
एवढ्यासाठी तालगारच्या बागांतले सगळे नर
अंधारात जीव टाकतात.

रिता त्सोय म्हणते, ह्यांना प्रेमपत्रं लिहायला बसवलंय,
वाचता मात्र येत नाही.
असं बोलते आणि लगेच तापमान बघते.

आम्हांला त्याचा वास येत नाही.
म्हणून एक नर घ्यावा लागतो,
बर्फावर निजवावा लागतो,
त्याची एक मिशी कापून
दोन तारांमध्ये बसवावी लागते.
मग नळीतून हवेची एक फुंकर,
आणि पडद्यावरची रेघ कोसळते, सावरते.
धड नाही, पंख नाहीत, रात्र नाही,
तरी मिशी म्हणते: हो, हीच.
अर्ध्या तासाने तीही गप्प होते.

अर्जात आम्ही लिहिलंय, 'कोणत्याही जिवास अपाय नाही.'
रिताने त्या ओळीपाशी पेन्सिलने
एक बारीक टिंब दिलंय.
मी ते खोडलं नाही.

माझ्या बापाने, सेयितकाझीने, बावीस उन्हाळे
सामूहिक शेतीच्या बागेत पांढरी पूड उडवली.
तोंडाला भिजका रुमाल, बस्स.
संध्याकाळी तो दाराशी टोपी झटकायचा
आणि आई आतून ओरडायची, तिकडे, तिकडे, लांब.
एका वर्षी पोळ्यांखाली मधमाश्यांचा खच पडला.
आम्ही पोरांनी झाडूने गोळा केल्या.
कुणीतरी तराजू आणला, का ते आठवत नाही.
अकरा किलो.
सफरचंदं मात्र बिनडाग,
तान्ह्या पोराच्या डोक्याएवढी,
गवतात गुंडाळून मॉस्कोला जायची.
आता तो जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतो,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

मे महिन्यात त्याला बागेत नेलं.
फांदीफांदीला तांबूस फिती बांधत होतो आम्ही.
झऱ्याकाठच्या झाडाला चिंधी बांधून
लोक मागणं मागतात, तसंच दिसत होतं ते.
त्याने विचारलंही, काय मागतेस?
म्हटलं, काही नाही. फसवतेय.

अलाताऊच्या बर्फावरचं ऊन उतरलं
आणि नर निघाले.
इकडून हाक, तिकडून हाक,
प्रत्येक फांदीवरून तीच हाक,
आणि जाऊन बघावं तर फीत.
गोल, गोल, पुन्हा त्याच खोडाशी,
चकवा लागलेल्या वाटसरूसारखे.
खरी मादी दोन वितींवर पान धरून बसली होती,
पोटाचं टोक उचलून रीतसर बोलावत होती.
तिच्यावरून तिघे गेले.

बाप बराच वेळ टॉर्च धरून उभा.
'मरत नाहीत?'
'मरतात. आपोआप. दहाबारा दिवसांनी.'
'न भेटता?'
'न भेटता.'
तो खोकला. रुमाल काढला, परत ठेवला.
मग म्हणाला, आमची पूड ह्या बाबतीत बरी होती,
तिला कुणाचं काही ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरात शंभरातली चार किडकी निघाली.
अहवालात ह्याला यश म्हणतात.
बापाने त्यातलंच एक उचललं,
खिशातल्या चाकूने चिरलं.
आत अळी, गुलाबी, गुबगुबीत, बियांपर्यंत पोचलेली.
'हिच्या बापाला वाट सापडली,' तो म्हणाला,
आणि चाकूच्या टोकाने तिला गवतावर ठेवून
चांगली फोड माझ्यापुढे धरली.

धुतली नव्हती.
धुवायचं काही कारण नव्हतं.
तरी माझा हात सवयीने
नळ शोधत राहिला क्षणभर.
मग खाल्ली.